सखारामचा भोंगा

आवाज म्हटला की माझ्या कपाळावर आठी पडते. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत काढलेल्या बाईकडून दुसरी कसली अपेक्षा करता? शाळा सुटली की मला घरात पंख्याची घरघरसुद्धा नको व्हायची. आणि नशीब बघा, फोंडाघाटाहून बदली होऊन मी मालवणला आले, तारकर्लीच्या रस्त्याला भाड्याने खोली घेतली, ती नेमकी भोंगेवाल्याच्या शेजारी! खोली दाखवणाऱ्याने "शेजार एकदम चांगलो" एवढंच सांगितलं होतं. पडवीत चार भोंगे उलटे टांगून ठेवले होते ते मी पाहिले, पण मला वाटलं, जुनं भंगार असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता त्या भंगाराला कंठ फुटला.

"रुक्मिणी, चाय ठेव!"

मी अंथरुणात उठून बसले. हा आवाज घरातून आला, आकाशातून आला की माझ्या उशीखालून, काही कळेना. पाठोपाठ भिंतीपलीकडून एका बाईचा आवाज आला, भोंग्याशिवाय, पण तसाच खणखणीत, "ठेयलंय!" पुढे समजलं की हा भोंगेवाला सखाराम आपला माइक असाच तपासायचा. दुनिया 'हॅलो, हॅलो, वन टू थ्री' करते, हा बायकोला चहा टाकायला सांगायचा. त्यामुळे सखारामच्या घरी दिवसाला किती वेळा चहा होतो हे साऱ्या वाडीला पाठ होतं.

मी तणतणत बाहेर गेले. समोर एक काडीपैलवान माणूस रिक्षाच्या टपावर बसून नायलॉनच्या दोरीने भोंगा आवळत होता. एप्रिलच्या उकाड्यात शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं, वर मानेला पंचा गुंडाळलेला. एवढा आवाज या देहात ठेवायला जागा कुठे असेल, असा मला खरंच प्रश्न पडला. मला बघून तो टपावरूनच म्हणाला, "बाईनू, चाय घेतलास? रुक्मिणी, बाईंकय ठेव गो!" हेसुद्धा माइकवर. भांडायला आलेली मी पाच मिनिटांनी त्याच्या पडवीत कप घेऊन बसले होते. सखारामशी माझं एकही भांडण शेवटपर्यंत गेलं नाही, ते असं.

त्याचा आवाज रापणीतून आला होता. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. ते ओढायला तीस-चाळीस माणसं लागतात, आणि जाळं पाण्यात पडलं की घराघरातून माणसं गोळा करायला एक हाक मारणारा लागतो. हे काम आधी सखारामचा बाप करायचा, मग सखाराम. लाटांच्या आवाजावरून आपला आवाज पलीकडे फेकायचा, तोही माडांतून, वाऱ्याच्या उलट. पुढे रापणी कमी झाल्या, तेव्हा त्याने रिक्षा घेतली, टपावर भोंगे चढवले आणि गावाला हाका मारायचा धंदा चालू ठेवला. वीज जाणार असेल तर सखाराम सांगायचा, जत्रेत नाटक असलं तर सखाराम सांगायचा. एकदा त्याने दवंडी दिली होती, "एक काळी शेळी गावलेली आसा. जेची आसा तेना खूण पटवून घेवन जावची. बेगीन येवा, ती आमच्या बाईंचे गुलाब खाता." गुलाब माझेच होते. धन्याच्या आधी शेळी बघायला अर्धी वाडी माझ्या दारात आली.

या माणसाचा खरा हंगाम म्हणजे निवडणूक. त्यातही लोकसभेची. ग्रामपंचायतीला लोक घरोघर फिरतात, पण दिल्लीच्या निवडणुकीत उमेदवार काही प्रत्येक वाडीत येऊ शकत नाही. त्याच्या वतीने यायचा तो भोंगाच. सकाळी आठला जो कल्ला सुरू व्हायचा तो दिवेलागणीला थांबायचा. एका बाजूने ढोल-ताशाचं गाणं, दुसऱ्या बाजूने घोषणा, मध्येच फटाके, आणि दोन पक्षांच्या गाड्या अरुंद रस्त्यावर समोरासमोर आल्या तर दोघांचेही आवाज असे वाढत जायचे की कुत्रीसुद्धा समुद्राकडे पळायची.

माझ्या पहिल्याच निवडणुकीत त्याची रिक्षा आमच्या शाळेच्या कुंपणाशी आली. सकाळची शाळा, चौथीचा वर्ग, मी सतराचा पाढा घेत होते. भोंगा असा काही गर्जला की पोरं पाढा सोडून खिडकीला लटकली. मी छडी घेऊनच बाहेर गेले.

"सखाराम! शाळा आहे ही! बंद करा तो भोंगा!"

त्याने लगेच घोषणा थांबवली. जीभ चावली. मग गंभीरपणे विचारलं, "पाढो खंयसर इल्लो?"

"सतरा सातेपर्यंत आला होता. तुमच्यामुळे गेला."

"मगे मीच हाडून दितंय," म्हणाला, आणि माइक तोंडाशी धरून सुरू झाला, "सतरा साते एकुणिसाशे! म्हणा रे पोरांनो!" पोरांना काय, हवंच होतं. "सतरा आठे छत्तिसाशे! सतरा नव्वे त्रेपन्नाशे!" शाळेतली पोरं म्हणाली, समोर जाळी विणत बसलेले म्हातारे म्हणाले, विहिरीवरच्या बायका म्हणाल्या. पाढा पुरा करून सखारामने त्याच दमात उमेदवाराचं नाव घेतलं, तर पोरांनी तेही तालात म्हटलं! आमचे हेडमास्तर आचारसंहितेच्या भीतीने आठ दिवस नीट जेवले नाहीत. पण त्या वर्गातलं एकही पोर पुढे सतराच्या पाढ्यात चुकलं नाही, हे मात्र मला कबूल करायला हवं.

पक्षवाले त्याला छापील मजकूर द्यायचे, शुद्ध भाषेतला. सखाराम पहिलं वाक्य ऑफिसात बोलल्यासारखं बोलायचा, "मतदार बंधू-भगिनींनो, देशाच्या उज्ज्वल भविष्यासाठी..." आणि तेवढ्यात कोणीतरी ओळखीचं दिसायचंच. मग कागद हँडलखाली. "काय रे बाबल्या, कौलां चाळून घेतलंस? मे म्हयनो तोंडार इलो हा. बरां, मताक येतलंस मां? म्हाताऱ्या आवशीक घेवन ये, चलूक जमना नाय तर माका सांग, रिक्षा हाडतंय." एका हाताने हँडल, एका हातात माइक, आणि तोंडाने साऱ्या गावाची विचारपूस. लोक प्रचार ऐकायला नव्हे, आपलं नाव आलं का ते ऐकायला दारात उभे राहायचे.

दुसरी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. त्याचा भोंगा काही ठिकाणी आपोआप बंद व्हायचा. दहा-वीस पावलं रिक्षा नुसतीच जायची, पुढे पुन्हा सुरू. मला वाटायचं वायर ढिली असेल. एक दिवस विचारलं तर म्हणाला, "थंय बाळांतीण आसा. तीन दिवसांचा प्वार." कुठे आजारी म्हातारा, कुठे बारावीचा राहिलेला पेपर देणारी मुलगी, कुठे रात्रभर समुद्रात जाऊन आलेला आणि आता झोपलेला माणूस. वाडीवाडीतल्या गप्प राहायच्या जागा त्याच्या डोक्यात होत्या. कागदावर काही नाही. आणि रोज बदलणाऱ्या.

तो सकाळी एका पक्षाचा प्रचार करायचा आणि दुपारनंतर दुसऱ्याचा. झेंडा बदलायचा, पंचा बदलायचा, बाकी सगळं तेच. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, काही लाज? एकाच तोंडाने दोघांना निवडून द्या म्हणता?"

तो हसला. "बाईनू, तुमी गणितय शिकवतास आनी इतिहासय शिकवतास. माका काय बोलतास?"

मी त्याच्याच पडवीतला चहा संपवला.

कळस केला तो देवळात. आमच्याकडे कुठलंही काम गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही. नारळ ठेवायचा, जाणत्याने देवाला मोठ्याने सगळं सांगायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. त्या वर्षी गाऱ्हाणं घालणारे आजोबा तापाने पडले होते आणि उमेदवार तर गाड्यांच्या ताफ्यासकट देवळासमोर येऊन उभा. सखाराम पुढे झाला. हातात नारळ, तोंडासमोर माइक.

"बा देवा म्हाराजा, आज हो तुझो लेक तुझ्या पायाकडे इलेलो आसा, व्हय म्हाराजा?"

"व्हय म्हाराजा!"

"तेका भरघोस मतांनी निवडून हाड, व्हय म्हाराजा?"

"व्हय म्हाराजा!"

"आनी निवडून इल्यार आमच्या शाळेकडचो रस्तो तेच्या हातान करून घे. जर का इसारलो, तर रोज तेच्या सपनात जा आनी तेका आमचे खड्डे दाखव, व्हय म्हाराजा?"

"व्हय म्हाराजा!!" देऊळ दणाणलं. उमेदवारालाही हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणावंच लागलं, तेही माइकसमोर. त्याच दिवशी चार वाजता दुसरा उमेदवार आला. तेच देऊळ, तोच सखाराम, तेच गाऱ्हाणं, खड्ड्यांसकट. मी म्हटलं, "देवाला दोघांना निवडून आणायला सांगितलंत. आता त्याने काय करावं?" सखाराम म्हणाला, "देवाक म्हायत आसा, हो माझो धंदो. कोणाक हाडूचो ता तेचा तो बघता. रस्त्याचा मात्र दोनदा सांगलंय, ता तेच्या ध्यानात रवतला." तो स्वतः मत कुणाला द्यायचा ते मात्र कोणालाच माहीत नव्हतं. सगळं माइकवर बोलणाऱ्या माणसाने पोटात ठेवलेली ती एवढी एकच गोष्ट.

रुक्मिणी या सगळ्यात कुठे होती? ती बाजारात होती. सकाळी म्हावऱ्याची, म्हणजे मासळीची, पाटी डोक्यावर घेऊन जायची, दुपारी रिकामी घेऊन यायची. बाजारात तिच्यासमोर कोणाचं काही चालायचं नाही, पण घरी ती फार बोलायची नाही. एकदा म्हणाली, "बाईनू, घरात एकानच बोलूचा, नायतर आयकतलो कोण?" तक्रार नव्हती तिची. पण तीस-पस्तीस वर्षं ती ऐकणारीच राहिली, हेही खरं.

मग गेल्या लोकसभेच्या आधी सखारामचा आवाज बसला. आधी त्याने मिठाचा खडा आणि मिरी धरली तोंडात, गळ्याचा पंचा दुहेरी केला. आठवडा झाला, पंधरवडा झाला. शेवटी रुक्मिणीने त्याला ओढतच गोव्याला दवाखान्यात नेलं. घशात गाठ निघाली. वाईट नव्हती, देवाची कृपा, पण काढावी लागली. डॉक्टरांनी बजावलं, दीड महिना एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने घशाला जास्त ताण पडतो. आणि ओरडलात तर आवाज कायमचा गेलाच म्हणून समजा. पुढे घरात बायकोला हाक मारायलाही उरणार नाही.

दीड महिना! आणि निवडणूक सहा आठवड्यांवर. ते घरी आले त्या दिवशी मी भेटायला गेले. सखाराम पडवीत त्या टांगलेल्या भोंग्यांखाली बसला होता आणि माझ्याकडे बघून नुसता हसला. या माणसाला गप्प बसवावं म्हणून मी किती वेळा नवस बोलले असेन, आणि आता तो गप्प बसला तर मला तिथे बसवेना. दुसऱ्या दिवशी शाळेतून एक पाटी आणि पेन्सिलींचा डबा नेऊन दिला. त्याने पहिलं वाक्य लिहिलं, 'बाईनू, आता तुमची मज्जा.' शेवटी तीन उद्गारचिन्हं.

त्याचं पाटीवरचं बोलणंही मोठ्यानेच असायचं. राग आला की अक्षरं एवढी मोठी काढायचा की दोन शब्दांत पाटी भरायची. पण ही गंमत चार दिवसांची. सकाळच्या पक्षाचा तालुक्याचा कार्यकर्ता प्रदीप त्याला बघायला आला, तब्येतीची चौकशी केली, आणि अवघडत म्हणाला, "काका, तुम्ही आराम करा. ह्या खेपेक क्लिप करून हाडलीय मुंबैसून. तळेऱ्याचो टेम्पो फिरवतलो. पेन ड्राइव्ह लावलो की झाला. फुडे पण आता असाच चलतला बहुतेक." प्रदीप गेल्यावर सखारामने पाटी पुढे ओढली. मग लिहिलं, 'पुढे पण.' आणि ते पंच्याने पुसून टाकलं.

एवढंच होतं त्याचं दुखणं. घसा बरा होईल, पण तोवर त्याची जागा जाईल. आणि जागा वाचवायला तोंड उघडलं, तर घसा जाईल.

टेम्पो आला. त्याच्यावर आठ भोंगे. क्लिपमधल्या माणसाचा आवाज भारदस्त, मागे ढोल-ताशे, सुरुवात अशी, "आनंदाची बातमी! आनंदाची बातमी! आपला माणूस येतोय!" प्रत्येक वाडीत तेच, त्याच सुरात, कोण दारात आहे याची पर्वा नाही. पहिल्या दिवशी पोरं मागे धावली, तिसऱ्या दिवशी कोणी मान वर करून बघेना. सखाराम मात्र टेम्पो जाताना दर वेळी पडवीच्या कठड्यावर बोटांनी ताल धरायचा, आणि एका ठरावीक घराशी टेम्पो आला की ती बोटं थांबायची. भोंगा थांबायचा नाही.

त्या आठवड्यात आमच्या वाडीतले होड्या बांधणारे मेस्त्रीआजोबा गेले. नवव्या दिवशी आम्ही सगळे तिथे ओट्यावर बसलो होतो, मी, रुक्मिणी, सखाराम. आजोबांची मुलगी कुणाशीही बोलत नव्हती, नुसती भिंतीला टेकून बसली होती. आणि त्याच वेळी टेम्पो आला. समोरून पर्यटकांची मोठी बस. दोन्ही गाड्या अडकल्या त्या बरोबर मेस्त्र्यांच्या दारात.

"आनंदाची बातमी! आनंदाची बातमी!"

ती मुलगी दचकून रडायलाच लागली. सखाराम धोतर सावरत अंगणातून धावला आणि टेम्पोसमोर दोन्ही हात वर करून उभा राहिला. तळेरे गावाहून आलेल्या त्या ड्रायव्हरला वाटलं, म्हातारा खूश होऊन नाचतोय! त्याने हसून आवाज आणखी वाढवला आणि खिडकीतून एक पत्रक त्याच्या हातात दिलं. सखाराम घराकडे बोट दाखवतोय, हात जोडतोय, ड्रायव्हर मान डोलावतोय. मग मी पाहिलं, सखारामच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, छाती भरली, तोंड उघडलं. रापणीवर हाक मारायचा तसं. "नको हो!" मी म्हटलं, पण त्या कल्लोळात माझंच मला ऐकू आलं नाही.

रुक्मिणीने मागून जाऊन त्याच्या तोंडावर हात दाबला. आणि ती ओरडली.

"रे मेल्या! भोंगो बंद कर! घरात माणूस गेलोहा, आनी आनंदाची बातमी सांगतंस? डोळे आसत काय पावटे?"

आठ भोंग्यांच्या वरून तो आवाज गेला. ड्रायव्हरने घाबरून वायरच ओढली. बस गप्प, टेम्पो गप्प, माडावरचे कावळेसुद्धा गप्प. रुक्मिणीचा हात अजून नवऱ्याच्या तोंडावरच होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

संध्याकाळी प्रदीप माफी मागायला आला. मेस्त्र्यांकडे जाऊन आला, मग इथे. हात जोडून रुक्मिणीला म्हणाला, "काकी, टेम्पो आमी परत धाडलो. आता तुमीच माइक घेवा."

"माका येड लागला नाय. माझा म्हावरा कोण ईकतलो?"

"आठच दिवस, काकी."

तिने सखारामकडे बघितलं. त्याने पाटी मांडीवर घेतली आणि लिहिलं, 'घे.' एवढंच. पण ते फार बारीक अक्षरात होतं आणि मला त्याचा चेहरा बघवेना. रुक्मिणीनेही ओळखलं. म्हणाली, "घेतंय, पण रिक्षा ह्येंनी चलवूची. खंयच्या घरात बाळांतीण, खंयच्या घरात आजारी, माका काय म्हायत? मी उलयतंय, पण खंय गप रवाचा ता ह्येंनी सांगूचा."

अशी ती जोडी निघाली. सखाराम हँडलवर, रुक्मिणी मागच्या सीटवर माइक घेऊन. त्याने डावा हात वर केला की माइक बंद, खाली घेतला की चालू. कोणी दारात दिसलं की तो बोट करायचा. आणि रुक्मिणी? तिने आयुष्यभर एकच गोष्ट विकली होती, ती तिने इथेही तशीच विकली.

"ताजो, ताजो, ताजो! काल इलेलो न्हय गो, आजच इलेलो उमेदवार! बर्फातलो न्हय! कल्ले उघडून बघा, डोळे बघा, मगे मत द्या! पाच वर्सां टिकतलो, वास मारूक लागलो तर माझ्या दारात हाडून टाका!"

पहिल्या फेरीला प्रदीप डोकं धरून मोटारसायकलवर मागे बसला होता. "काकी, वास नको, वास नको!" पण लोक! बायका हातातलं काम टाकून रस्त्यावर आल्या. एकीने ओट्यावरून विचारलं, "गो रुक्मिणी, वर काय देतंस?" म्हणजे मासे घेतल्यावर वर दोन जास्तीचे मिळतात ना, तसं काय मिळणार. रुक्मिणी भोंग्यावरून म्हणाली, "वर रस्तो दितलो! नाय दिल्यान तर पाटी तेच्या डोक्यार!" तीन दिवसांत खुद्द उमेदवाराने फोन केला म्हणे, की त्या बाईंना हवं ते बोलू द्या. दुसऱ्या पक्षाचे लोकही दुपारची वेळ मागायला आले. नवऱ्याचा रिवाज त्यांना ठाऊक होता. रुक्मिणीने साफ नाही म्हटलं. "दोन जाग्यावरचा म्हावरा मी एका पाटीत घालणंय नाय." सखारामने पाटीवर लिहिलं, 'धंदा कळत नाही हिला.' पण हसत होता.

मी मात्र त्याला रोज निरखत होते. शेजारीण म्हणा, भोचक म्हणा. लोक हसायचे तेव्हा तो वळून बायकोकडे अभिमानाने बघायचा, आणि घरी आल्यावर पडवीत एकटाच बसून गळ्यावरून हळूच बोटं फिरवायचा. दिवस मोजत होता तो. प्रचाराचा शेवटचा दिवस आणि डॉक्टरांनी दिलेला दिवस एकच आला होता. सकाळी दोघं गोव्याला गेली आणि साऱ्या वाडीत एकच बोलणं, शेवटची फेरी सखाराम करणार की नाही?

मी दुपारी मतदान केंद्राच्या कामाचं प्रशिक्षण उरकून येत होते. माझी निवृत्ती महिन्यावर होती, सामान बांधून ठेवलेलं. आमच्या नाक्यावर ही गर्दी! पाच वाजता प्रचार थांबायचा होता आणि साडेचार झाले होते. रिक्षा उभी होती. रुक्मिणी उतरली होती आणि प्रदीप माइक सखारामपुढे धरत होता. "काका, डॉक्टर बोला म्हणालेत मां? मगे दोन शब्द."

रुक्मिणीने मला बाजूला घेऊन हळू सांगितलं, "बोलूचा म्हणालेत. पण घरातल्या घरात. भोंग्यार आता कधीच नाय. तेंका सांगलेला आसा, पण तेंचा मन..."

सखारामने माइक घेतला. गर्दी पुढे सरकली. जाळी विणणारे म्हातारे, माझ्या शाळेतली पोरं, सगळे. त्याने घसा साफ केला आणि म्हणाला, "मंडळी..."

भोंग्यातून जो आवाज आला तो कोणाच्याच ओळखीचा नव्हता. फाटका, बारीक, वाळूवर होडी ओढल्यासारखा खरखरीत. सखारामने मान वर करून त्या भोंग्याकडे बघितलं. पुन्हा म्हणाला, "मंडळी..." आणि तो शब्द मध्येच तुटला. मी पदर तोंडाला लावला. मला त्या क्षणी त्याचा तो सकाळी सहाचा छळवादी आवाज परत हवा होता, कोणत्याही किमतीला हवा होता.

मग त्याने माइक बायकोच्या हातात दिला, तिला हाताला धरून मागच्या सीटवर बसवलं, आणि स्वतः हँडलवर बसून किक मारली. रिक्षा हलली. तेवढ्यात त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने ब्रेक मारला, मागे वळला, आणि आपल्या त्या नव्या, घरातल्या घरात पुरेल एवढ्याच आवाजात बायकोच्या कानात काहीतरी बोलला.

माइक चालू होता. सखारामचं बोलणं त्यात आलं नाही, पण रुक्मिणी जी हसली ती चारही भोंग्यांतून हसली. खळखळून, थांबता थांबेना अशी हसली. रिक्षा तारकर्लीच्या रस्त्याला लागली, माडांच्या आड गेली, तरी ते हसणं आम्हाला ऐकू येत होतं. मग त्याचा डावा हात वर गेला असावा, कारण भोंगा बंद झाला.

त्या रिक्षात मी त्यांना असं एकत्र पाहिलं ते तेव्हाच शेवटचं, पुढच्या महिन्यात मी निवृत्त होऊन गावी परतले. फोंडाघाटाला माझं घर आता हवं तसं शांत आहे. मालवणकडचं कोणी भेटलं की मी एवढंच विचारते, सखाराम काय म्हणाला होता तिला, कळलं का? साऱ्या वाडीने विचारून पाहिलंय म्हणे, रुक्मिणी कोणालाच सांगत नाही.